अक्रोडाखालची बेडकी

बुडापेस्ट, ६ मे १९१२

ती. ओर्शी मावशीस गिझेलाचा शि. सा. न. वि. वि.

आलुबुखाराचा मुरंबा पोचला आणि निम्मा संपलासुद्धा.

इथे बेरेझ्नाय साहेबांच्या जन्मभराच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी चित्रात तुझ्या गालाला हिरवा रंग फासला, मुलीला जुनाट दुखणं आहे म्हणून काश्शा शहरातल्या मुलाकडच्यांनी ठरलेलं लग्न मोडलं, गावाने तुझी बेडकी केली, हे ऐकतच तर वाढले मी.

पण मावशी, मधल्या दालनात तू समोर आलीस आणि मी भांडणच विसरले. तू अक्रोडाखाली बसलीयस, अंगावर ऊन सांडलंय, आणि ते इतकं खरं की मी डोळे बारीक केले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात धरली. महिनाअखेरीस सगळं उतरवणार आहेत, त्याआधी ये.

लोभ आहेच, राग तेवढा आवर.

तुझी,
गिझेला

१० मे

चि. गिझेलास अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझीच फजिती बघायला मी आगगाडीत बसू? अख्खा उन्हाळा तो माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याला काय दिसलं, तर बेडकी. लग्न मोडल्याचं सोड, पण त्याने माझी थट्टा केली, ते अजून सलतं. तेव्हापासून त्या झाडाखाली मी पाऊल टाकलेलं नाही. पुन्हा विषय नको. मुरंबा पुरवून खा.

मावशीचे आशीर्वाद

१४ मे

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

नको येऊस. एवढंच कर, भर दुपारी आरसा घेऊन अक्रोडाखाली बस. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझी हट्टी,
गिझेला

२२ मे

चि. गिझेलास अनेक आशीर्वाद.

तुला खोटं पाडायलाच गेले होते. नवी पालवी आलीय, वर ऊन तापलेलं. आरसा धरला. गाल हिरवा गं. सुरकुत्यांसकट हिरवा, आणि रुमालाच्या सावलीत जांभळा. वाटलं, म्हातारपणी नजर बिघडली. म्हणून कामाला येणाऱ्या युल्चाला ओढून शेजारी बसवलं, तर तीही हिरवी. ती म्हणाली, ऊन पानांतून येतंय, दुसरं काय होणार. मी मात्र रडत बसले.

त्याने थट्टा केलीच नव्हती. होते तशी मला पाहणारा तो एकटाच होता, आणि मी जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडली.

शुक्रवारच्या गाडीने येते. स्टेशनवर ये. चित्रासमोर मात्र मला थोडा वेळ एकटीला राहू दे.

तुझी,
बेडकी मावशी