आकाश रंगवायचा सराव

प्रिय फ्राने,

काल मासळीबाजारात तुझी आई मला आडवी आली. म्हणाली, "झोराना, पोरी, शनिवारी माझा फ्राने धक्क्यावर नवशिक्यांचा वर्ग घेतोय. अख्ख्या गावासमोर आकाश रंगवणार! त्याला जरा सांग ना, कसं करायचं ते." मी म्हटलं, "काकू, एवढा मोठा चित्रकार, त्याला मी काय सांगू?" तर माझा दंड धरून म्हणाली, "नाटकं नकोत. ती आकाशं कुणाची, मला ठाऊक आहे." म्हणजे तिला ठाऊक होतं! आणि इतकी वर्षं भेटली की विचारायची, "हल्ली काही करतेस का गं?"

तर घे. कागद जरा तिरका ठेव. मोठा गोल ब्रश. रंग आधीच भरपूर कालव, मध्येच संपला तर मेलास. वरून एक आडवा पट्टा ओढ. त्याच्या खालच्या कडेला ओघळ साचेल, पुढचा पट्टा त्या ओघळाला टेकवून. दर पट्ट्याला पाणी वाढव, क्षितिजापाशी नुसतं पाणीच. आणि मग हात मागे घे. तेच तुला कधी जमलं नाही. अर्धवट वाळलेल्यात ब्रश खुपसायचास आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटला की ओरडायचास, "झोराना, हे बघ ना गं!"

आपण युगोची वाट बघायचो. तो दमट वारा सुटला की गाव डोकं धरून बसायचं, नवरा-बायको भांडायचे, पण कागद मस्त ओला राहायचा. मी आकाश रंगवायचे, ते वाळलं की तू होड्या काढायचास. आणि खाली सही, तुझ्या एकट्याची. होड्या चांगल्या असायच्या, खोटं का बोलू? पण झाग्रेबच्या प्रदर्शनात लोक थांबत होते ते आकाशापुढे. कुणीतरी विचारलं, या कोण? तू म्हणालास, "ही? ही माझे ब्रश धुते." सगळे हसले. मीही हसले. हातात वाइनचा ग्लास घेऊन दुसरं काय करतात?

शनिवारी बुरा सुटणार म्हणतायत. डोंगरावरचा तो कोरडा वारा. दुसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला खडखडीत. आकाश कसलं, जिना होईल जिना. पुढे ढकल म्हटलं असतं, पण गावभर पोस्टरं लागलीत, 'आकाशांचा माणूस'.

तुझ्या आईचं खरं काम शेवटी बाहेर पडलं. "तूच ये ना. ब्रश धुवायला म्हणून मागे उभी राहा, आणि हळूच रंगाचा हात मार. कुणाला कळतंय?" हे तूच तिला पढवलंस, मला माहितीये, तोंडानं विचारायची हिंमत नव्हती म्हणून. तर उत्तर देते. येते मी. पण तुझ्या मागे नाही. नवशिक्यांत नाव घातलंय, पहिल्या रांगेत, तुझ्या बरोब्बर समोर. बुऱ्यातही कागद ओला ठेवायचा उपाय आहे, तो तुला वर लिहिलेला नाही. तो मी माझ्या कागदावर करीन. तू म्हणशील, "चला, आता आकाश," आणि आपण दोघं एकदमच सुरू करू. लोकांना काय बघायचं ते बघू दे.

तुझीच नवी विद्यार्थिनी,
झोराना