धोटा जागच्या जागी फिरला त्याचं कारण

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई एवढ्या उन्हातही तुझ्यासाठी कडक भाकऱ्या करत बसली आहे, आणि मी सारखा तिच्या मध्ये मध्ये येतो म्हणून कारखान्यातून आल्यापासून तीनदा हाकलला गेलो आहे.

काल तू आईशी बोलत होतीस तेव्हा फोन स्पीकरवर होता, मी पलीकडेच बसलो होतो. कंपनीत रोबोटच्या विभागात तुला घ्यायला तयार आहेत, पण सोमवारी साहेबांना नाही सांगून स्टोअरमध्येच राहणार म्हणालीस. "माझ्याच्यानं मशीन चालत नाही गं आई, जानेवारीत सगळ्यांनी बघितलंय की." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आज कारखान्यात चांगला चाललेला माग मी बंद केला आणि बिघडलेला तसाच सोडून चहाला गेलो. मागावरचा शरणबसव म्हणाला, "जॉबर, तब्येत बरी हाय न्हवं?" तुला फोन लावला की तोंडातून दुसरंच निघतं. काल संध्याकाळपासून मी तीन वेळा "जेवलीस का" विचारलं, शेवटी तूच म्हणालीस, "पप्पा, अजून किती जेवू?" म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावरचा नवनाथ उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघाला आहे, त्याच्या हाती देतो. म्हणजे सोमवारच्या आत तुला मिळेल.

खरं सांगू, त्या ठोकळ्यांच्या रोबोटचा मला सुरुवातीला रागच आला होता. डिप्लोमा झालेली मुलगी दर रविवारी जुळे सोलापुरातल्या हौशी रोबोट मंडळात जाऊन लहान पोरांच्या खेळण्यातले ठोकळे जोडते, हे मी कारखान्यात कुणाला सांगत नव्हतो. मग त्या मंडळाची स्पर्धा जाहीर झाली. दोघांची जोडी, आणि त्यातला एक घरातला हवा. मला वाटलं, मामाच्या रुपालीला घेशील, ती कॉम्प्युटर शिकलेली. तू फॉर्मवर लिहिलंस, जोडीदार सिद्राम, यंत्रमाग जॉबर. तो फॉर्म मी दोनदा वाचला, तुला दिसू दिलं नाही.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. बत्तीस वर्षं माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला तू पहिल्या दिवशी बजावलंस, यात स्क्रू नाही, डिंक नाही, ठोकळे आणि पिना एकमेकांना नुसत्या पकडीवर धरून राहतात. मी पाना शोधायला उठलो तर हात धरून खाली बसवलंस. मागावर धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावतो, म्हणून आपल्या ठोकळ्यांच्या गाडीचं नावही आपण तेच ठेवलं. ठोकळे उचलून डब्यात टाकायचे ही स्पर्धा, पण गाडी पुढं झुकून तिचा हात उचललेला ठोकळा सारखा पाडत होता, मी म्हणालो, मागं वजन टाक, आणि जमलं. त्या दिवशी तू मंडळातल्या सगळ्यांना सांगत सुटलीस, "पप्पांनी काढलं हे!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतरचा तो रविवार मला रोज आठवतो. सकाळच्या फेरीत धोट्यानं आठही ठोकळे डब्यात टाकले, आपण पहिले. मग मीच हुरळून कारखान्यात फोन केला आणि दुपारच्या फेरीला मालकांसह सगळी मंडळी येऊन बसली. दोन ठोकळे उचलले आणि धोट्याचा हात एका बाजूनं निखळला. तो चाकात अडकला आणि गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. लोक हसले. गाडीला हात लावायचा नाही हा नियम, म्हणून तू हात मागं बांधून उभी होतीस. परीक्षक दानेश्वरी मॅडमनी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "मॅडम, माझा प्रोग्राम चुकला असणार, हात जास्त वळला." मी तुझ्या शेजारीच होतो.

त्यानंतर पंधरा दिवस तू तो प्रोग्राम ओळ न् ओळ तपासलास. चूक सापडत नाही म्हणून स्वतःवर चिडायचीस. मी जवळ बसायचो आणि एकदा तर म्हणालो, "जाऊ दे बाळ, सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही." दुसऱ्या दिवशी तू तो ठोकळ्यांचा संच मंडळाला परत करून आलीस आणि पुण्याची नोकरी धरलीस. तुझ्या आईला वाटलं, पोरगी मार्गाला लागली. मला मात्र तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं आहे.

आता सांगतो. त्या दुपारी तू आणि आई जेवायला गेलात तेव्हा धोट्याजवळ मी एकटा होतो. हात फिरवून पाहिला तर गिअरमधून बारीक कुरकुर आली. आमच्या धंद्यात जॉबरनं स्वतःच्या हातानं तेल दिल्याशिवाय माग चालू करत नाहीत, आणि ही कुरकुर ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. जित्याची खोड. पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली होती, चार थेंब सोडले. ते तेल पिनांपर्यंत उतरलं आणि त्यांची पकड गेली. मला हे कळलं, पण निखळलेला हात उचलून घेतला तेव्हा. बोटं बुळबुळीत झाली. त्याच वेळी तू मॅडमना उत्तर देत होतीस. मी तोंड उघडलं नाही, कारण समोर सगळा कारखाना बसला होता आणि सिद्राम जॉबरनं खेळण्याला तेल पाजलं म्हणून हसले असते. घरी आल्यावर तू तोंड धुवायला गेलीस तेवढ्यात सगळे तुकडे मी साबणाच्या पाण्यात बुडवले. तुला सांगितलं, धूळ बसली होती. तू म्हणालीस, "पप्पा, किती करता माझ्यासाठी." तुझ्या प्रोग्राममध्ये काही चुकलं नव्हतं गं. आत्ताच हे आईला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "पंधरा दिस लेकराकडं बघत बसला व्हय तुमी?" आणि उठून आत गेली. तू माझ्यावर किती रागावशील ते रागाव, वर्षभर बोलू नकोस, मी सोसेन. स्टोअरचं काम मनापासून आवडत असेल तर सोमवारी खुशाल नाही सांग. पण मशीन जमत नाही म्हणून सांगू नकोस, ते खोटं आहे, आणि ते तुझ्या डोक्यात मी घातलं आहे.

तुझाच,
पप्पा