हारलेल्यानं गप बसायचं

पुणे,
१८ ऑगस्ट २०२५

चि. ऋतुजास,
सत्यमदादाचे अ. आ. वि. वि.

पत्र बघून हसू नको. फोनवर मी तापलो की तू कट करतीस. कागद कट होत न्हाई.

गावाकडनं धर्मराजचा फोन आलता. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या पुढारी मोहनरावानं आपला चराईचा माळ खडी क्रशरला द्यायचा ठराव मांडला आन् आपले आबा मुंडी खाली घालून बसले म्हनं! सगळे मेंढरंवाले आबांच्या तोंडाकडं बघत होते. माणसं कमी भरली म्हणून सभा तहकूब झाली, न्हाईतर माळ गेलताच. मग मेंढरं कुठं चारायची, मोहनरावाच्या गच्चीवर? 'हिरवं गाव' म्हणून त्याच्याच फोटोचा फ्लेक्स हाय ना, तोबी देवळापुढच्या लिंबाला खिळे ठोकून!

मी सध्या एका कॅफेत कप धुतो. हितं पोरं-पोरी तासावर पैसे देऊन टेबलावर पट मांडतात. एक खेळ जंगल वाचवायचा हाय, लाकडाची इवली झाडं लावायची. काल एकजण जिंकून लई नाचला आन् जाताना प्लास्टिकचे गिलास तसेच टाकून निघाला. मी म्हणलं, भाऊ, तुमचं जंगल उचला. मालकानं मलाच झापलं. खेळ वाईट न्हाई बरं का, डोकं लागतं, नुसतं फाशावर न्हाई... काय सांगत होतो? आबा. ते कशापायी गप बसले ते लिही.

राग आबांवर हाय. तुझ्यावर लोभच, तो राखून ठेव.

तुझा,
सत्यम

*

ता. आष्टी,
२२ ऑगस्ट

ती. सत्यमदादास,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आबांना वाचून दाखवलं न्हाई. घरात आधीच कुणी कुणाशी बोलत न्हाई.

बिरोबाच्या ओट्यावर कोरलेला वाघ-बकरीचा पट विसरलास का? तिथं जो हारला त्यानं पुढच्या बाजारापर्यंत जिंकणाऱ्याच्या विरोधात चौघांत तोंड उघडायचं न्हाई. चराईवरनं काठ्या निघू नयेत म्हणून आपल्या लोकांनी घातलेली रीत. सभेच्या आदल्या दिवशी मोहनराव ओट्यावर आला. एरवी तिथं बूड टेकत न्हाई, त्या दिवशी पांढरी पँट धुळीत घालून बसला आन् आबांना म्हणाला, तात्याबा, मांडा डाव. नाकारलं तर भित्रा ठरतो. आबा खेळले आन् हारले. मी म्हणलं, आबा, सभा म्हंजे ओटा न्हाई. तर म्हणाले, तोंड तर तेच हाय ना.

रविवारच्या बाजारानं आबा मोकळे झाले, पण २९ला परत सभा हाय. आदल्या दिवशी हा माणूस परत पटावर येणार, आख्ख्या गावाला ठावं हाय. उन्हाळ्यात ह्याच माळाच्या बोरी-बाभळींवर आपली शेरडं जगली. आता काय खडी खातील?

तू तिथं लाकडाची झाडं पूस. रागात लिहिलंय, पण लोभ आटला न्हाई. तुझाबी आटू देऊ नको.

तुझी,
ऋतुजा

*

पुणे,
२५ ऑगस्ट

चि. ऋतुजास, अ. आ.

तू खेळ! पोरींना ओट्यावर बसू देत न्हाईत म्हणून आपण मुरमावर रेघा मारायचो, तिथं मी तुझ्याशी एकदा तरी जिंकलो का? मी आलो तर मोहनरावाची कॉलर धरीन. त्याला झेडपीचं तिकीट पाहिजे, माळाचं काय पडलंय! मी कुठल्याच पक्षाचा न्हाई. सगळ्यांचे फ्लेक्स एकाच दुकानात छापतात, तिथंबी महिनाभर होतो मी. असो. खेळ.

भरवसा आन् लोभ दोन्ही तुझ्यावरच.

सत्यम

*

ता. आष्टी,
३० ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र काल सभा झाल्यावर हाती पडलं. सांगायची गरज न्हवती.

गुरुवारी मोहनराव आला, आबांना परत हरवलं आन् उठायला लागला. मी म्होरं जाऊन बसले. शेजारच्या दगडाबाईनं माझी वेणी वढली, पोरीची जात, ऊठ म्हणली. पण पोरीला भ्याला असं होऊ नये म्हणून मोहनराव हसत हसत बसला. वाघ त्यानं घेतले. मी बकऱ्यांनी सगळे वाघ कोंडले. हसली सगळ्यात जोरात दगडाबाईच.

काल सभेत वाटलं, रीतीपरमानं आबा आन् मोहनराव दोघंबी गप बसणार, बाकीचे बोलतील. तर मोहनरावानं सरळ माईक घेतला. खेळ वेगळा, विकास वेगळा म्हणाला. तवा आबा उठले. हारलेला बोलायला लागला, मग मी कुणासाठी तोंड बांधून बसू, म्हणाले. पुढं जे बोलले, तसं त्यांना कधी ऐकलं न्हवतं. लिंबाच्या खिळ्यांचंबी काढलं. माळ द्यायचा न्हाई म्हणून हातच हात वर झाले. ठराव पडला.

नाचू नको. आज सकाळी सोमनाथकाकांची मेंढरं सटवाच्या तुरीत शिरली. काका म्हणाले, चल, ओट्यावर बसू. सटवा म्हणाला, आता त्याला कोण मानतंय बे, आन् काठी घातली. काकांना आष्टीला नेऊन टाके घातले. रीत मोडली ती मोहनरावानं, मला त्याचा असा राग येतोय दादा, की माळ राहिल्याचं गोड लागंना.

आबांनी मघाशी दोन काठ्यांना तेल लावलं. दुसरी कुणाची, मी विचारलं न्हाई.

लोभ पत्रातनं पुरे झाला. आता तो घेऊन घरी ये.

तुझी,
ऋतुजा