हाय म्हंजे हाय

१२ एप्रिल
प्र. आज एका मोबाइल-कव्हरवाल्याला दुकानात घेऊन आला. स्वतःच्या आईच्या दुकानात परका माणूस माप घेतोय आणि माझा नवरा टेपचं दुसरं टोक धरून उभा. आई पाटावर बसलेल्या, समोर बोंबलाच्या माळा. टेप त्यांच्या पायाखालून जायला हवी होती. पाय उचलले नाहीत. शेवटी वळसा घालून माप घेतलं, त्यामुळे गाळा आहे त्यापेक्षा मोठा भरला असणार. बरं झालं.

तेवढ्यात एक बाई आली. मोरी माशाचे खारवलेले तुकडे आहेत का? नव्हते. आई म्हणाल्या, "हाय. उद्या ये."

हे त्यांचं नेहमीचं. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत 'नाय' म्हणायचं नाही, लक्ष्मी ऐकते. सवयीने घरीही तो शब्द तोंडातून निघत नाही. माल संपला तर 'वाढला'. दिवा विझला तर 'शांत झाला'. आणि नसेल तर 'हाय, उद्या ये'.

घरी प्र. ला विचारलं. म्हणाला, गिऱ्हाईक कुठंय? गावातल्या जुन्या बायका गेल्या, टॉवरमधले लोक इथून नाक दाबून जातात. आईचे गुडघे संपले. एवढी आगोट होऊ दे, मग गाळा भाड्याने.

आगोट म्हणजे पावसाआधीची भरणी. सुकट, बोंबील, जवळा, सगळं भरून ठेवायचं. मी कऱ्हाडची, मला हा शब्द लग्नानंतर कळला. तेव्हा या वासाने मी गच्चीवर जाऊन जेवायचे.

दुकान बंद झालं तर आई दिवसभर घरात. आमच्या दोघींपैकी एकच शिल्लक राहील.

१७ एप्रिल
बचत गटाच्या हॉलमध्ये 'छोट्या व्यवसायासाठी सोपं ऑनलाइन मार्केटिंग'. क्लिनिकमध्ये दाढ दुखते सांगून गेले. दातांच्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट दाढ दुखते म्हणून रजा घेते. डॉक्टर म्हणाले, या, बघतो. पळाले.

ट्रेनर मॅडम गोड. प्रत्येकीला विचारत होत्या, "तुमच्या ब्रँडची स्टोरी काय?" पापडवाली म्हणाली, "स्टोरी कसली, नवरा प्यायचा, मी पापड लाटले." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. ती बिचारी घाबरली.

शिकले ते: धंद्याचं वेगळं अकाउंट. मालाचे फोटो. रोज स्टेटस. कुणी मेसेज केला की लगेच उत्तर, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे. आणि भाषा प्रोफेशनल.

१९ एप्रिल
फोटो काढायला बसले. वाळलेला बोंबील कुठल्याही बाजूने घ्या, 'आ' वासून आपल्याकडेच बघतो. सकाळभर एकमेकांकडे बघत बसलो.

आईंना म्हटलं, तुमचाही एक फोटो हवा. "मना कशाला? बोंबील हाय ना." आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर येईनात. मला वाटलं रागावल्या. आल्या त्या नवं लुगडं, नाकात नथ, गळ्यात असेल नसेल ते सगळं घालून. लग्नाला निघाल्यासारख्या. जवळ्याच्या टोपलीशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "हां. काढ आता, हसाला नको सांगू."

फोटो झकास आलाय. खोटं कशाला बोलू, जरा भरून आलं.

२३ एप्रिल
अकाउंट सुरू. प्र. चा जुना फोन दुकानात ठेवला. आपोआप जाणारा मेसेज मी स्वतः लिहिला: 'नमस्कार. आपल्या संदेशाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.'

आईंना वाचून दाखवला.
"प्रतिनिधी कोन?"
"तुम्हीच."
"मंग मना सांगाला नको?"

त्यांना टाइप करता येत नाही, पण माइकचं बटण दाबून बोललं की फोन आपला आपण लिहितो. मी क्लिनिकवर असताना तसं करायचं ठरलं. दोनदा करून दाखवलं. "जमला," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला.

२५ एप्रिल
संध्याकाळी दुकानाचा फोन उघडून बघितला. माझं आपोआप गेलेलं धन्यवाद सोडून बाकी जसंच्या तसं उतरवते.

गिऱ्हाईक: सुके बोंबील आहेत का?
आई: हाय.
गि.: हाय 🙂 सुके बोंबील आहेत का?
आई: हाय.
गि.: हॅलो. बोंबील मिळतील का?
आई: हाय हाय हाय.

त्यानंतर त्या बाईंनी हात हलवणारी एक बाहुली पाठवली आणि गप्प झाल्या.

आईंना विचारलं. म्हणाल्या, "ती इचारते हाय का, मी सांगते हाय. परत तेच इचारते. बहिरी हाय का ती?"

आता ह्यांना काय सांगू, की टॉवरमध्ये 'हाय' म्हणजे नमस्कार.

२६ एप्रिल
सांगितलं. जास्त घोळ झाला. आज एकाने नुसतंच 'हाय' पाठवलं. आईंचं उत्तर: 'काय हाय?' तो: 'हाय, गुड मॉर्निंग.' आईंनी फोन बाजूला ठेवला. मला म्हणतात, "त्याचेकडं हाय तं आपलेकडं कशाला मांगतो?"

पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं: हाय म्हणायचं नाही. 'उपलब्ध आहे' म्हणायचं. वाचता येतं त्यांना, सावकाश.

२८ एप्रिल
आई म्हणाल्या "उपलबद हाय". फोनने लिहिलं 'उपास बंद हाय'. पलीकडून उत्तर: 'अहो आज संकष्टी आहे माझी, असं कसं सोडू?'

रात्रीचं जेवण होईपर्यंत हसत होते. मग त्या बाईंना फोन करून माफी मागितली. म्हणाल्या, माफी राहू द्या, उद्या सकाळी बोंबील पाठवा. फक्त सोसायटीच्या गेटवर पापड सांगा.

२९ एप्रिल
तीन पिशव्यांत गुंडाळून मी स्वतः घेऊन गेले. वॉचमन रत्नागिरीकडचा. पिशवी हातात घेतली, नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं. "पापड?" "पापड." "मला पण द्या पाव किलो. आम्ही असले पापड लई दिवसांत खाल्ले नाहीत."

दुसरं नवं गिऱ्हाईक. स्टेटस, फोटो, नमस्कार, सगळं एकीकडे आणि नाक एकीकडे.

३ मे
भडकलेय. त्या 'हाय हाय हाय'वाल्या बाईंनी तो सगळा संवाद आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून दुसऱ्या ग्रुपवर. आज क्लिनिकमध्ये एक पेशंट मोबाइल दाखवून शेजारणीला सांगत होती, बघ काय धमाल. वर आईंचा नथवाला फोटो. मी काउंटरवर. तोंड उघडून सांगावं, ही माझी सासू आहे, हसायचं तर माझ्या त्या मनःपूर्वक धन्यवादावर हसा. त्याऐवजी तिची अपॉइंटमेंट शेवटची लावली.

घरी येऊन आईंना सांगितलं. वाटलं वाईट वाटेल.
"हसतान?"
"हो."
"हसू दे. घेतान का?"

फोन बघितला. नुसत्या 'हाय'ची रांग लागली होती. आईंनी प्रत्येकाला उत्तर दिलेलं: 'हाय'. त्यातल्या बऱ्याच जणांनी खाली ऑर्डर लिहिली होती.

मी जाऊन पुठ्ठा काढला.

७ मे
आपोआप जाणारा मेसेज बदलला. आता फक्त एक शब्द जातो. हाय. प्रतिनिधीला काढून टाकलं.

ट्रेनर मॅडमचा फोन. "तुमच्या ब्रँडचा टोन किती यंग आहे! टार्गेट वय काय ठेवलंय?" आई सत्तरीच्या. मी म्हटलं, ओपन ठेवलंय.

१० मे
पनवेलला राहणाऱ्या एका माणसाचा व्हॉइस मेसेज. इथल्याच खाडीकाठच्या गावातला, घर कधीच विकलं. म्हणे, माझी आजी अशीच बोलायची, घरात आता कुणी बोलत नाही. मावशी, मला एकदा लिहून नको, तोंडाने 'हाय' म्हणून पाठवाल का?

आईंनी दोनदा ऐकला. मग माइक दाबून म्हणाल्या, "हाय रे बाला." बोट माइकवरच. "आनि जवला पन हाय. फुकट हाय कोन देतं?"

त्याने जवळा घेतला.

१४ मे
आता नवी भानगड. आई ऑनलाइनसुद्धा नाय म्हणत नाहीत. फोन उंबऱ्याच्या आत ना! आजची उत्तरं, प्रत्येकापुढे 'उद्या ये':
मोरीचं खारं? हाय.
सुकी वाकटी? हाय.
कोळंबीचं लोणचं? हाय.
ओले पापलेट? हाय.
घरपोच पुण्याला? हाय.
कुणी टवाळाने विचारलं, पनीर? हाय.

आई, पनीर कुठून आणणार? "उद्या ये बोललंय ना." अहो, ते दुकानात. फोनमध्ये तो 'उद्या ये' वाचतो आणि उद्या वाट बघतो.

प्र. ला पकडलं. तो उरणला कंटेनर यार्डात कामाला, करंजाचं बंदर तिथून जवळ. येताना वाकटी आणि मोरी घेऊन ये. "मी? स्कूटरवर? पोरं काय म्हणतील?" काय म्हणायचं ते म्हणू देत, आईने हाय म्हटलंय.

आणली. स्कूटर अंगणात लांब लावली आणि जेवला नाही नीट. सगळ्या गावातली मांजरं स्कूटरभोवती.

१६ मे
प्र. तोंड पाडून घरी आला. यार्डात हसले म्हणे. नंतर चौघांनी बाजूला घेऊन ऑर्डर दिली. कागद माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "हे घे. मी ह्यात पडणार नाही."
परवापासून रोज पडतोय.

२२ मे
कळंबोलीहून मेसेज. ट्रक ड्रायव्हरांसाठी खाणावळ चालवणारा, पावसाळाभराची सुकट पाहिजे म्हणाला. खूप. आई: हाय. नव्हती, अर्थातच.

मी, आई आणि प्र. तिघं पहाटे करंजाला गेलो. रिक्षा करून. आई कित्येक महिन्यांनी बंदरावर. गुडघे विसरल्या. सुकटवाल्या बायकांशी असा काही कडाकडा भाव केला की प्र. लाजून लांब जाऊन उभा राहिला. एक जण सुकट ओलसर देत होती, आईंनी मूठभर उचलून तिच्याच पदरात टाकली. "ही तुज्या घवाला घाल." घव म्हणजे नवरा. परतताना गोण्यांच्या मध्ये बसून झोपल्या, तोंड उघडं. एप्रिलात सकाळभर ज्याचा फोटो काढत बसले होते त्या 'आ' वासलेल्याची आठवण झाली. देवा, माफ कर.

मला ही बाई दुकानात पाहिजे. घरात नाही, दुकानात. घरात तिचं काय होईल ते मला बघायचं नाही. हे प्र. ला सांगायला हवं, पण तो समोर आला की मी भांडते.

२८ मे
सांगितलं. भांडलेच.
तो: "पावसाळ्यात काय विकणार? हाय?"
मी: "हो."
तो: "त्या माणसाला मी शब्द दिलाय. आगोट संपली की."
मग म्हणाला, "तिचे गुडघे बघतेस ना जिना चढताना?" तेही खरं. रोज रात्री तोच तिला तेल लावून देतो. त्याला पाटावर बसलेली आई दिसत नाही, पाटावरून उठणारी दिसते.

३१ मे
दुकानात पाटाशेजारी उंच स्टूल आलं. कुणी आणलं कुणी बोलत नाही. आई त्यावर बसायला तयार नाहीत. "गिऱ्हाईक खाली नि मी वर?" माझ्याकडून उशी मागितली, स्टुलावर नाही, पाटावर घालायला.

३ जून
आगोट सरली. टोपल्या तळाला लागल्या. आई म्हणतात 'वाढल्या'.

दुपारी दुकानाच्या फोनवर मेसेज. हाय. फोटोत रंगीत मोबाइल कव्हरं. आईंनी विचारलं, कोन? मी सांगितलं, तोच, टेपवाला.

फोन घेतला. हळूहळू उठल्या, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरून पार रस्त्यावर गेल्या. दुकानाकडे पाठ केली. माइक दाबला आणि मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. मोठ्याने.

"नाय!"

त्याच क्षणी बसने हॉर्न मारला.

आई आत येऊन पाटावर बसल्या, फोन माझ्या हातात दिला. "गेला का?" बघितलं. गेला होता. फोनने त्यांचं इतके दिवस एकच ऐकलंय, त्याने तेच लिहिलं होतं. 'हाय.' खाली त्याचा अंगठा आणि 'ओके मावशी, उद्या सकाळी येतो'.

सांगितलं. मला वाटलं आता चिडतील. "येव दे," म्हणाल्या. "तोंडावर सांगीन. बाहेर उभी राहून."

प्र. ला संध्याकाळी हे सगळं सांगितलं. हसायला लागला, मग हसू थांबवलं. म्हणाला, उद्या मी रजा टाकतो. कोणाच्या बाजूने उभं राहायला, मी विचारलं. तो तेलाची बाटली घेऊन आत निघून गेला.

आता आतून आवाज येतोय. प्र. गुडघ्यांना तेल चोळतोय आणि आई हळू आवाजात म्हणून बघतायत. नाय. नाय. तिसऱ्यांदा पुन्हा हाय आलं. प्र. म्हणाला, "आये, नीट. नाय."