भाड्याच्या पॅन्सी

८ जानेवारी
जालन्याच्या कुंडीला (जा.) आज दोन फुलं. मंठ्याच्या कुंडीला (मं.) एकच, पण खालची गुलाबी पाकळी जा. च्या दुप्पट. जा. ताठ उभं, मं. नेहमीसारखं कुंडीच्या काठावरून लोळतंय. तिसरी पिढी. माती तीच, पाणी तेच, कुंड्या शेजारी शेजारी. रतनपुरुष म्हणजे लोकांच्या लेखी रानातलं गवतच, पण जालन्याचं जालन्याचंच राहिलं, मंठ्याचं मंठ्याचं. मधमाश्या दोघांवर बसतात, तरी मधल्या धर्तीचं एकही रोप अजून निघालेलं नाही. मला अजून काय पाहिजे?

सरांचं म्हणणं दोन्हींची जाती, म्हणजे स्पीशीज, एकच, फरक मातीचा. डीएनएचे दोन तुकडे तपासून आणले, दोन्हीकडे सारखेच निघाले, तेव्हापासून तर त्यांना जोरच आलाय. दोन तुकडे म्हणजे अख्खं झाड नव्हे, हे कितीदा सांगू. पीएचडीचे गाईड माझे, पण एकदाही कुंड्यांपाशी आले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं चालू.
सोमवारी मुळांची टोकं काढून गुणसूत्रं मोजणार. दोन्हींचा आकडा वेगळा आला तर वाद मिटला.

१२ जानेवारी
मोजणं राहिलं. तपासणी समिती येतेय म्हणून प्रयोगशाळेला कुलूप. फरशी पुसून झालीय, कुणी पाय ठेवायचा नाही म्हणे. प्रयोगशाळेत प्रयोग करायचा नाही. मी तासिका तत्त्वावरची बाई, माझं कोण ऐकतं. दिवसभर फलक रंगवले. बोटांचा निळा रंग निघत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत, मंठ्याला आईकडे. तिळगूळ तोंडात धरूनच गायरानात गेले. मं. तिथलंच, त्याचं जास्तीचं बी आणायचं होतं.
गायरान नाहीच. सगळं सपाट, मुरूम उकरलेला, सोलरचे खांब ओळीनं उभे. एक काडी हिरवी नाही. तासभर हिंडले, चप्पल तुटली.
आई म्हणाली, "काहून तोंड पाडून राह्यली? तुझ्या कुंड्यांत हाय नं ते." 
हो, आहे. आता फक्त तिथेच आहे. बसमध्ये तेच घोकत आले.

१५ जानेवारी
लिहवत नाही.

१५, संध्याकाळ
कॉलेजच्या गेटमधून आत येतानाच दिसलं. माझ्या जागेवर पॅन्सी. जांभळ्या, पिवळ्या, मांजरीच्या तोंडासारख्या फुलांच्या, नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या. माझ्या कुंड्या भिंतीकडेला उपड्या. झाडं कचऱ्यात पेटवून मोकळे.

शेषराव मामा, आमचे माळी, हातात झारी घेऊन उभे. म्हणाले, "सर म्हनले गवत काढ, पाहुने येऊन राह्यले. म्या काढलं. ते तुझं व्हतं हे मला काय म्हाईत, पोरी." बी गोळा करायला बोंडांवर जाळ्या बांधलेल्या होत्या, मामा. गवताला कोण जाळ्या बांधतं? पण त्यांच्यावर ओरडून काय उपयोग. ओरडले मात्र. मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला.

सरांकडे गेले. सर म्हणे, "अगं, पॅन्सीसुद्धा व्हायोलेसीच. कूळ तेच. उलट दिसायला छान." तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस. गाढवाला गुळाची चव काय.

१७ जानेवारी
समिती आली. मला साडी नेसून पॅन्सीजवळ उभं केलं. सर सांगत होते, व्हायोलेसी कुळावर आमच्या विभागात दीर्घकाळ संशोधन चालू आहे. समितीतल्या एका बाईंनी वाकून पाहिलं, कौतुकानं मला विचारलं, किती दिवस वाढवताय ही झाडं?
मी म्हटलं, "परवापासून. भाड्याची आहेत."
सरांचे कान लाल झाले. बरं वाटलं. खूप बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी
त्या बरं वाटण्याची किंमत आज वसूल. सरांनी बोलावून शांतपणे सांगितलं की प्रबंधात एकच जाती असं लिही, सही करतो, नाहीतर दुसरा गाईड बघ. म्हणाले, "पुरावा आहे का तुझ्याकडे? दाखव." 
पुरावा तुम्ही पेटवला, सर. हे तोंडावर म्हणायचं होतं. जिन्यात आल्यावर सुचलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

६ फेब्रुवारी
पॅन्सी कधीच परत गेल्या. पंधरा-वीस दिवस काही लिहिलं नाही. काय लिहू.
आज मामांनी हाक मारून प्राचार्यांच्या खिडकीखालचा झेंडूचा वाफा दाखवला. माझ्या कुंड्यांतली सगळी माती त्यांनी तिथं ओतली होती. "तुझं गवत उगून राह्यलं," म्हणाले. बारीक दोन दोन पानं, जागोजाग. बोंडं तडकून बी मातीत पडलेलं असणार. मी तिथंच मातीत बसले.
पण जा. कोणतं, मं. कोणतं? सगळी सरमिसळ.

७ फेब्रुवारी
रात्री पडल्या पडल्या सुचलं. सरमिसळ झाली हे उलट चांगलं. कुणी म्हणू शकणार नाही की कुंडीवरचं नाव बघून मी ठरवलं. नाव न बघता रोपं आपोआप दोन ढिगांत वेगळी झाली तर सरांचं तोंड बंद. मामांना सांगितलं, वाफ्याला झारीशिवाय काही लावायचं नाही. मामा म्हणाले, "आता प्राचार्यानं सांगितलं तरी न्हाई उपटणार."

११ मार्च
कळ्या. ऊन चढलंय, दोन वेळ पाणी. पहिल्या दोन ओळींत स्पष्ट दिसतंय, काही रोपं ताठ, काही जमिनीला लोळलेली. सर जाताना थांबले, चष्मा काढून पाहिलं आणि गेले. जा, सर. पुन्हा याल.

१९ मार्च
फुलं आली. ताठ रोपांना बारकी पाकळी, लोळणाऱ्यांना मोठी. चांगली दोन ढिगांत वाटली जात होती. मी हसतसुद्धा होते.
नळाकडच्या कोपऱ्यात मात्र एक रोप आहे. धड उभं नाही, धड लोळत नाही. पाकळी पट्टीनं मोजली, दोन्हींच्या बरोबर मध्ये. म्हणजे सरांच्या बाजूचा पुरावा. 
इतका राग आला त्याचा. सरांवर आला नव्हता इतका. आजूबाजूला कुणी नव्हतं. चिमटीत धरलं होतं, उपटलं असतं तर कुणाला कळलं नसतं, मामांनासुद्धा नाही. गवतच.
सोडलं. भोवती काटक्या रोवल्या, जाळी बांधली.
उद्या प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या मुळाचं पहिलं टोक याचंच घेणार.