मुठीत धरलेलं बटण

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर आज लिहितो आहे, रागावू नकोस. पडलो तेव्हा मनगट मुरगळलं, म्हणून लिहिता आलं नाही असं कळवणार होतो. पण तू लगेच खालच्या मास्तरीणबाईंना फोन करून खात्री करून घेशील. म्हणून खरंच सांगतो. मनगट केव्हाच बरं झालं. मन धजत नव्हतं. कागद काढायचा, तारीख घालायची आणि चहा टाकायला उठायचं, असं चाललं होतं.

तुम्ही सगळे बरे असाल. जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, खुर्चीत पाठीशी उशी घेत जा. धाकटीचा दात पडल्याचं वाचलं. ती जिना पळत उतरते, तिच्याकडे लक्ष ठेव. आणि गॅसची नळी बदललीस का? मागे विचारलं तर हसलीस. पण घरात शिकलेली माणसं राहतात हे त्या नळीला कुठं ठाऊक असतं?

माझं ठीक आहे. भूक लागते. न्हाणीघरात रबरी चटई घातली आहे आणि भिंतीला दांडी बसवून घेतली आहे. बसवणारा म्हणाला, आजोबा, हिला लोंबकळलात तरी निघायची नाही. मी अजून लोंबकळून पाहिलं नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. न्हाणीघरात पडलो तेव्हा ते मदतीला बोलवायचं बटण गळ्यात होतं का, आणि होतं तर दाबलं का नाही. शेवटी लिहिलंस की बाबा, तुम्ही ते दाबणार नसाल तर मी तुम्हाला एकटं राहू देणार नाही, वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे, महिनाअखेर कळवा. त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.

फोनवर मी सांगितलं होतं की बटण खुंटीवर राहिलं होतं. त्याबद्दल खाली लिहितो. आधी तुला का-बाईंची गोष्ट सांगतो, म्हणजे क्रम लागेल.

तू ज्यांच्याकडून बटण घेतलंस त्या केंद्रातून गेल्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या. वयाने तुझ्याएवढ्या असतील. माणसं असं का वागतात याचं शास्त्र असतं म्हणे, ते त्या शिकल्या आहेत. मी पाचवीपर्यंतचा माणूस, मला वाटलं आता माझी परीक्षा घेणार. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हापासून मी घाबरलो होतो. मास्तरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येऊ द्या तुमच्या का-बाईंना, मीपण येऊन बसते. तुम्ही एकटे असलात की प्रत्येक गोष्टीला हो म्हणता." तेच नाव पडलं.

पण गंमत अशी की या बाईंनी एकदाही 'का' विचारलं नाही. मीच शेवटी म्हटलं, विचारा ना, का दाबलं नाही ते. त्या म्हणाल्या, का विचारलं की माणूस एक चांगलंसं कारण तयार करून हातात ठेवतो. लबाडीनं नव्हे, त्याला स्वतःलाही ते खरंच वाटतं. म्हणून काय केलं तेवढंच आम्ही विचारतो, आधी काय आणि मग काय.

त्यांच्याकडे बटण घेतलेली पुष्कळ म्हातारी माणसं आहेत. पडल्यावर त्यातली बरीचशी ते दाबत नाहीत. गळ्यात असतं, हात पोचतो, तरी पडून राहतात. ऐकून मला जरा बरं वाटलं. असं वाटायला नको, पण वाटलं.

मग मलाही शहाणपण सुचलं. मी म्हटलं, बाई, मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं लगेच घंटा दाबत नाहीत. आधी एकमेकांकडे बघतात, दुसरं कोणी दाबतंय का म्हणून. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काका, याला आमच्याकडे नाव आहे, पहिल्याच वर्षी शिकवतात. मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

त्यानंतर त्या म्हणाल्या, पडलात तसं एकदा करून दाखवाल का, कपडे घालूनच, हळू? तर मी आपला न्हाणीघरात फरशीवर बसलो. आडवा झालो. का-बाई उंबऱ्याशी चक्क जमिनीवर बसल्या आणि मास्तरीणबाई त्यांच्या मागे उभ्या. लाज वाटली, पण पुष्कळ दिवसांनी घरात एवढी माणसं होती.

नळ उघडाच राहिला होता, ते तुला माहीत आहे. पाणी खाली झिरपलं, मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात ठिबकायला लागलं, आणि त्या भांडायला वर आल्या म्हणून मी सापडलो. "अहो लिफ्टवाले, माझ्या पिठात पाणी पडतंय," असं दाराबाहेरून ओरडत होत्या. किल्ली त्यांच्याकडे होतीच. दार उघडून मला पाहिलं तेव्हा त्या पहिलं काय म्हणाल्या असतील? "आधी सांगायचं नाही का?"

असो. मी सगळं सांगत गेलो. पाय सरकला, बसकण मारली, मग एका अंगावर कललो. का-बाई मधूनमधून एवढंच म्हणायच्या, "मग?"

मी म्हटलं, मग नळाकडे हात नेला, पोचला नाही.

"त्याच्या आधी?"

ठके, मी सांगायला तोंड उघडलं आणि माझा हात आपोआप छातीशी गेला. मी नेला नाही, तो गेला. गळ्यातलं बटण त्यानं मुठीत घेतलं. तिघंही आम्ही त्या मुठीकडे बघत राहिलो.

म्हणजे बटण खुंटीवर नव्हतं. गळ्यातच होतं. मी तुला खोटं सांगितलं.

"मुठीत धरलंत," त्या म्हणाल्या. "मग?"

"मग धरून ठेवलं. या मास्तरीणबाई वर येईपर्यंत."

"धरल्यावर कसं वाटत होतं?"

मी म्हटलं, "सोबत असल्यासारखं."

त्यांनी लिहायचं थांबवलं. मास्तरीणबाई आत चहा बघायला गेल्या. चहा ठेवलेलाच नव्हता.

नंतर का-बाईंनी समजावून सांगितलं. काहींना उघड्या अंगानं परक्यांसमोर जायची लाज वाटते. काहींना मुलांना त्रास नको असतो. काहींना वाटतं, कळलं की आपल्याला घरातून हलवतील. तुमचं यातलं कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्रास नको म्हणून. ते कारण बरं दिसतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही. तुलाही पटू नये म्हणून पुढचं लिहितो.

बटण बसवायला माणूस आला होता तो दिवस आठव. दाबलं की आधी तुझा फोन वाजतो, आणि तू उचलला नाहीस तर केंद्रात जातो, हे त्यानं मला दोनदा समजावलं. मग दाबून दाखवलं. लगेच तुझा आवाज आला, "बाबा? बाबा, काय झालं?" तू धावत आल्यासारखी दमलेली वाटलीस. तुला कारण नसताना घाबरवलं म्हणून वाईट वाटलं, पण खरं सांगतो, मला तो आवाज फार आवडला. तुझी आई गेल्यापासून असं कोणी मला विचारलं नव्हतं. म्हणून मी त्या माणसाला म्हटलं, नीट लागलंय ना, पुन्हा एकदा बघा. त्यानं पुन्हा दाबलं. वाजत राहिलं. तू कामात असशील, नुकतीच बोललीस म्हणून उचलला नसशील, तसंच असणार. मग कोणी एक गृहस्थ बोलले. त्यांनी माझा ग्राहक क्रमांक सांगितला आणि रुग्णवाहिका हवी आहे का असं विचारलं. चांगले बोलले, तक्रार नाही.

न्हाणीघरात पडलो तेव्हा मला ते दोन्ही आवाज आठवत होते. दाबलं की दोहोंतला एक येणार. दाबलं नाही तोवर तूच येणार होतीस. पाणी गार होत गेलं तरी मी मूठ सोडली नाही आणि दाबलंही नाही. हे कारण का-बाईंच्या यादीत नव्हतं, आणि मला ते त्यांना सांगता आलं नाही. त्या परक्या आहेत म्हणून नव्हे. बोललो असतो तर तुझी तक्रार केल्यासारखं झालं असतं. तुझी नोकरी, धाकटीची शाळा, जावईबापूंची पाठ, मला सगळं समजतं. आई गेली तेव्हा आलीस, त्यानंतर जमलं नाही, हेही मी कधी मनात धरलं नाही. धरलं असेल तर थोडंच.

जाताना का-बाईंनी एक उपाय सांगितला. रविवारी सकाळी, काही झालेलं नसताना, ठरवून बटण दाबायचं आणि मुलीशी बोलायचं. ऊन पडलंय, दूध उतू गेलं, काहीही. हाताला साध्या दिवशी सवय झाली की वाईट दिवशी तो अडत नाही, असं त्यांचं शास्त्र सांगतं. मला पटलं. परवाच्या रविवारी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसलो. बटण हातात घेतलं. आणि पुन्हा तसंच धरून बसलो. मास्तरीणबाईंनी खालून हाक मारून विचारलं, झालं का बोलणं? मी हो म्हटलं.

तेव्हा आश्रमाचं मी आज काही लिहीत नाही. दाबता आलं तर जायचं कारण नाही, नाही आलं तर तू म्हणशील तिथे येईन, भांडणार नाही. पण ते आता माझ्या हातावर नाही, तुझ्या उत्तरावर आहे. येत्या रविवारी मी दाबलं तर उचलशील का? नेहमीच जमेल असं लिहू नकोस, तसं कोणालाच जमत नाही. जमणार नसेल तर तेही मोकळेपणानं लिही. मी त्या माणसाला बोलावून तुझा नंबर काढायला सांगेन, सरळ केंद्रात वाजू दे. मग दाबायला मला काही वाटणार नाही, आणि तुझी काळजीही मिटेल.

दोन्हीपैकी जे असेल ते, पण रविवारच्या आत कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
बाबा