मुहूर्तावर निघालेली पिशवी

अण्णा, तुमच्या नातवंडांना घेऊन मी म्हैसूरला आलेय आणि सगळं ठीक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही कुणाचंही पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधीच ‘सगळे बरे आहेत ना’ असं पोस्टमनलाच विचारायचात. सगळे बरे आहेत. दुपारची वेळ आहे, दोन्ही पोरं पलंगावर आडवी-तिडवी झोपलीयत, आणि तुमचा जावई, ज्याला तुम्ही पाहिलंच नाही, तो खाली कॉफी प्यायला गेलाय. मी खिडकीपाशी बसून हॉटेलच्या कागदावर लिहितेय. दोन रात्रींची सहल, येलहंका ते म्हैसूर. लोक एवढ्या अंतरावर लग्नाला जाऊन संध्याकाळी परत येतात. पण मला इथवर यायला दोन वर्षं लागली, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं तर हसतील.

धाकटा दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला आणि तापातच झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी त्याला छातीशी धरून गाडीत मागं बसले होते आणि आमची गाडी हेब्बाळच्या पुलावर अडकली होती, पुढं लाल दिवे, मागं हॉर्न. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शांत झाला होता, संध्याकाळी तर खिचडी मागत होता. डॉक्टर म्हणाल्या, लहान मुलांना असं होतं, पाच-सहा वर्षांचा झाला की जाईल. नाकात मारायचा एक स्प्रे लिहून दिला, तो कायम जवळ ठेवायला सांगितलं. पुन्हा तसं काही झालं नाही. पण मी मात्र त्या पुलावरच राहिले. त्यानंतर एक रात्रसुद्धा आम्ही घराबाहेर काढली नाही. दादाकडं हुबळीला आईला भेटायला जायचं ठरलं की ऐनवेळी मला त्याचं अंग गरम लागायचं. नणंदेचं लग्न झालं पुण्यात, तिथंही नवरा एकटाच गेला. तो कधी काही बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

मग मार्चमध्ये थोरलीच्या वर्गशिक्षिकेनं मला थांबवलं. सुट्टीत कुठं गेलात त्याचं चित्र काढा म्हणून मुलांना सांगितलं होतं. आमच्या पोरीनं म्हैसूरचा राजवाडा काढला होता. बाई कौतुकानं दाखवत होत्या. राजवाड्याला घसरगुंडी होती, गच्चीवर हत्ती होता आणि आम्ही चौघं हात धरून दारात उभे होतो. वर्गात उभं राहून तिनं सगळं वर्णनही केलं म्हणे, हॉटेलात लिफ्ट होती, बाबांनी आइस्क्रीम घेऊन दिलं, अम्मा घाबरली नाही. ते शेवटचं वाक्य ऐकून मी बाईंकडं बघून हसले, आणि गाडीत येऊन रडले. सहा वर्षांच्या पोरीनं एवढी मोठी थाप मारली होती आणि तिला रागवायला माझ्याकडं तोंड नव्हतं.

त्या संध्याकाळी मीच विषय काढला. नवऱ्यानं लॅपटॉप मिटला. त्याच्या डोक्यात लगेच गोवा, हैदराबाद, काय काय यायला लागलं. मी म्हटलं, म्हैसूर, आणि आगगाडीनं, म्हणजे स्टेशनपर्यंतचा पूल सोडला तर कुठं अडकायला नको. सरी, म्हणाला. पुण्याचा माणूस इथं राहून एवढं कानडी शिकलाय. मग हॉटेल शोधणं सुरू झालं. तो राजवाडा दिसणाऱ्या खिडक्या दाखवत होता आणि मी नकाशावर मुलांचा दवाखाना शोधून त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघत होते. शेवटी हे हॉटेल मिळालं. खिडकीतून राजवाडा दिसत नाही, दवाखान्याची पाटी दिसते आणि त्याच्याखाली रात्रंदिवस उघडं असणारं औषधाचं दुकान. नवरा म्हणाला, “अगं, म्हैसूरला चाललोय, मंगळावर नाही. पण ठीक आहे, बुक करतो.” तिकिटं काढल्यावर माझ्या लक्षात आलं की गाडी शुक्रवारची, आणि नेमकी राहुकाळात सुटणारी.

मी राहुकाळ मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यावरून आपले किती वाद झालेत. घड्याळाच्या कारखान्यात दिवसभर काटे बसवणारा माणूस घरी येऊन म्हणतो की दिवसातला अमुक वेळ वाईट, याचं मला कॉलेजात असताना हसू यायचं. पण त्या दिवशी तिकिटाकडं बघत असताना मला पहिल्यांदा तुमचं प्रस्थान आठवलं. निघायची वेळ वाईट असली की आदल्या दिवशी चांगल्या वेळेला सामानातली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. दुसऱ्या दिवशी केव्हाही निघा, जाताना पिशवी उचला आणि मागं फिरू नका. बाकीचे लोक त्यात मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवायचे. तुम्हाला ते पटायचं नाही. ज्यावाचून अडेल तीच वस्तू ठेवायची, नाहीतर ती देवाची फसवणूक, असं तुमचं म्हणणं. म्हणून त्या वर्षी, मी दुसरीत असताना, म्हैसूरला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही आपली आगगाडीची तिकिटंच पिशवीत घालून शेजारच्या अक्कांकडं ठेवून आलात.

सकाळी आपण नटूनथटून बाहेर पडतोय, आईच्या हातात दहीभाताचा डबा, दादाच्या पायात नवे बूट, आणि अक्कांच्या दाराला कुलूप. त्या तेव्हा नवी नवरी होत्या. माहेरून, आनेकलहून, वडील आजारी असल्याचा निरोप आला आणि दोघं नवरा-बायको पहाटेच्या बसनं निघून गेले. घाईत पिशवी कुणाला आठवणार. आई तुमच्याकडं अशी बघतेय की मी तिचा पदर सोडून तुमच्यामागं येऊन उभी राहते. दादा कुलपाला हात लावून बघतो. तुम्ही हात मागं बांधून त्या दाराकडं बघता. आई म्हणाली, चला, कपडे बदला, चूल पेटवते. आणि तुम्ही म्हणालात, “स्वल्प दमानं घे. निघालोय ते निघालोय. परत आत कशाला जायचं?”

मग आपण बस पकडून कब्बन पार्कात गेलो. मुलांच्या छोट्या आगगाडीत तुम्ही गुडघे हनुवटीला लावून बसलात, दहीभात गवतावर बसून खाल्ला, दुपारी लालबागेत आई झाडाखाली चक्क घोरली. तिचा राग केव्हा गेला ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी घरी येताना मात्र मी भोकाड पसरलं, की आपण म्हैसूरला गेलोच नाही. तुम्ही मला दटावलंत. “गेलो नाही कसं? पाय दुखतायत की नाही? मग गेलो होतो.” मी रडत रडत पाय दुखतायत हे कबूल केलं. पुढं म्हैसूर मी शाळेच्या सहलीत पाहिलं, त्यातलं फारसं काही आठवत नाही. त्या दिवसातलं मात्र तुमच्या घामेजलेल्या कॉलरचं बटणसुद्धा आठवतं.

तर अण्णा, गुरुवारी सकाळी चांगली वेळ बघून मीही पिशवी भरली. नवरा दारात उभा राहून गालात हसत होता. ज्यावाचून अडेल ते ठेवायचं म्हटल्यावर मला विचार करावा लागलाच नाही. स्प्रे, थर्मामीटर, धाकट्याची दवाखान्याची फाइल. तापाचं औषध तेवढं पर्समध्ये ठेवलं. आपल्या घरात आता आम्ही राहतो, आणि शेजारी अजून अक्काच आहेत, साठीला आलेल्या, गुडघ्यांनी बेजार. पिशवी बघून आधी त्यांना कळलं नाही, आणि कळल्यावर त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. तुमच्या तिकिटांची गोष्ट त्या आजवर विसरलेल्या नाहीत. या वेळी मी आनेकलला जाणार नाही, इथंच खुर्ची टाकून बसते, असं म्हणाल्या. मग पिशवीवर हळदीकुंकू वाहून त्यांनी ती देवापुढं ठेवली. तुझ्या वडिलांनी पाहायला हवं होतं, एवढंच पुढं म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

शुक्रवारची सकाळ सगळ्या घरांत असते तशीच झाली. धाकट्याचा एक बूट सापडेना, थोरलीनं स्वतःची बॅग स्वतः भरली होती आणि त्यात एक चमचा, एक ओढणी आणि अर्धं गणिताचं पुस्तक निघालं, कॅबवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोन करत होता. आम्ही पळतच निघालो. मॅजेस्टिकच्या स्टेशनवर पोचलो, जागा मिळाल्या, गाडी सुटली, थोरलीनं खिडकीला नाक लावलं. केंगेरी मागं पडलं तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं, पिशवी अक्कांकडंच राहिली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. तो मला ओळखतो. ताडकन उठून वरच्या बॅगांना हात घालत म्हणाला, “रामनगरला उतरू या का? कॅब करून परत जाऊ, नो इश्यू, पुन्हा कधीतरी येऊ.” थोरलीनं खिडकीवरून नाक काढलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, बाबाकडंही नाही, स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होती. जे होणार ते तिला आधीच माहीत असल्यासारखी. मी म्हटलं, “बस खाली. निघालोय ते निघालोय.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. नवरा बसला. मग त्यानं फोन काढून दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानाचा नंबर शोधला. स्प्रे होता त्यांच्याकडं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये होताच. मी अक्कांना फोन लावला तर त्या आधीच हसत होत्या. मुहूर्तावर घर सोडलं ते एकट्या पिशवीनं, आणि ती शेजारच्या देवघरापलीकडं गेली नाही, असं त्यांनी ऐकवलं. पण मी शूर वगैरे झाले असं समजू नका. रामनगर गेलं, चन्नपट्टण गेलं, माझा हात धाकट्याच्या कपाळावरच होता. मद्दूरला वडे आले तेव्हा त्यानं माझा हात बाजूला केला, कारण त्याला खायला अडचण होत होती.

स्टेशनवरून आधी औषधाच्या दुकानात गेलो, मग हॉटेलात. संध्याकाळी राजवाड्यातून परत येताना मला त्याचं अंग कोमट लागलं. मी त्याला कडेवरून उतरवलं, पाणी पाजलं, पुन्हा हात लावला. गार. उन्हात फिरलं होतं पोर, एवढंच. त्या फुटपाथवर, शेंगदाणे विकणाऱ्या बाईशेजारी, मला इतकं हलकं वाटलं की मी चौघांसाठी शेंगदाणे घेतले आणि एकटीनं संपवले. रात्री मी झोपले, अण्णा. सलग झोपले. आज प्राण्यांच्या बागेत जिराफासमोर थोरली पायरीवर बसली आणि पाय दुखतायत म्हणाली. मी म्हटलं, छान. तिला काही कळलं नाही. राजवाड्याला घसरगुंडी नाही यावरून मात्र ती अजून नाराज आहे.

नवरा वर येतोय, जिन्यात चपलांचा आवाज ओळखू येतो. हे पत्र घडी करून मी पर्समध्ये टाकेन, घरी गेल्यावर बहुतेक अक्कांकडून पिशवी आणून त्यात ठेवेन. तुम्हाला पाठवायचं तरी कुठल्या पत्त्यावर. पण बंद करायच्या आधी एक सांगते, कारण नवऱ्याला सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत नाही. पिशवी मला केंगेरीला आठवली नव्हती. आमची कॅब हेब्बाळच्या पुलावर चढली तेव्हाच पर्समध्ये फोन थरथरला, मी बघितलं, तर अक्कांचं नाव. कशासाठी फोन आहे ते मला त्याच क्षणी कळलं. गाडी वळवायला वेळ होता. पण वळवली असती तर मी पिशवी घ्यायला गेले असते, समोर आपलं दार दिसलं असतं, आणि मी आत जाऊन चूल पेटवली असती. मी फोन वाजू दिला. पूल मोकळा होता, अण्णा, आणि आम्ही तो ओलांडला.